केशरबाईचं नाव पहिलं

द्वारकाबाईच्या गळ्यात निळ्या फितीचं एक कार्ड लोंबत असतं. त्यावर तिचा डोळे वटारलेला फोटो आहे आणि खाली छापलंय, ‘इंडस्ट्री मेंटर’. बाई शिकली चौथी, तीही परीक्षेला न बसता. कार्ड मिळालं त्या दिवशी तिनं कार्ड देणाऱ्या भावना मॅडमना विचारलं, हे मेंटर म्हणजे काय भानगड आहे? मॅडम म्हणाल्या, मेंटर म्हणजे गुरू. त्यावर बाईनं, गुरूलाबी जेवायला अर्धाच तास का, असा सवाल टाकला. मॅडम हसल्या.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात द्वारकाबाई बायांची मुकादम आहे. हाताखाली चाळीस बाया. शेतातून आलेलं बी इथं चाळतात, निवडतात, औषधाचा लाल रंग लावून पिशव्यांत भरतात. हा रंग कितीही साबण लावा, नखांच्या कडांना राहतोच. भाजीबाजारात बाईचा हात बघून ती कुठं कामाला आहे ते सांगता येतं. द्वारकाबाईची नखं बावीस वर्षांत एकदाही पांढरी झाली नाहीत. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन परभणीला. उंचीनं ठेंगणी, पण आवाज असा, की शेजारच्या लोखंडाच्या मिलची धडधड चालू असतानाही फाटकापर्यंत ऐकू जावा. बायांना ती सकाळपासून शिव्या घालते, आणि त्यांच्यातल्या एखादीचं लेकरू तापानं फणफणलं की स्वतः दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसते. एवढ्या माणसांत वावरणारी बाई, पण तिच्या स्वयंपाकघरात लसूण नाही. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जोडणी फाउंडेशन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. बदनापूरच्या कॉलेजातल्या पोरांनी तरी कुठं ऐकलं होतं? झालं होतं असं, की कारखान्यांना कामाची माणसं मिळेनात, कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना काम मिळेना, आणि दोघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडत बसलेले. फाउंडेशननं दोघांना एका टेबलाशी बसवलं, करारावर सह्या घेतल्या, हार घातले, फोटो काढला. आठवड्यातले चार दिवस कॉलेज आणि दोन दिवस कारखाना. वर्षाअखेरी नव्वद टक्के हजेरी असेल त्याला सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल त्याला नोकरीत पहिला मान. यात कुणी नफा काढत नव्हतं, आणि फोटोपुरतंही ते नव्हतं. पहिल्याच वर्षी नऊ पोरं कामाला लागली. फाउंडेशनच्या भावना मॅडम या सगळ्याच्या मधल्या. सकाळी बदनापूर, दुपारी एमआयडीसी, स्कूटीवर अख्खा दिवस.

यंत्रं शिकवायला इंजिनिअर होते. गोदाम शिकवायचं द्वारकाबाईनं. पोत्यांची थप्पी कशी रचायची, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बी ओलं आहे की वाळलेलं ते कसं ओळखायचं, उंदीर कुठून येतो. आणि सगळ्यात शेवटी, गोळ्यांचा दिवस.

गोदामात बियाला कीड लागू नये म्हणून धुरी द्यावी लागते. सुट्टीच्या आदल्या दुपारी काम थांबवायचं, खिडक्या-झरोके चिकटपट्टीनं बंद करायचे. मग धुरीचं काम करणारा मच्छिंद्र तोंडाला मास्क लावून थप्प्यांच्या मधून राखाडी गोळ्या ठेवत दाराकडे येतो. हवेतल्या ओलीनं त्या गोळ्यांचा वायू होतो. लगेच होत नाही, त्याला वेळ लागतो, पण एकदा झाला की आत कीड राहत नाही, उंदीर राहत नाही, काहीच राहत नाही. वायूला लसणासारखा वास असतो. मच्छिंद्र बाहेर आला की शटर निम्मं ओढायचं आणि शटरसमोर उभं राहून सगळ्यांची नावं घ्यायची. प्रत्येकीनं आपल्या तोंडानं ‘हाय’ म्हणायचं, एक पाऊल पुढं यायचं आणि द्वारकाबाईच्या तळहातावर हात ठेवायचा. चाळीस हात झाले की शटर खाली. पाच दिवस ते उघडायचं नाही.

या यादीत पहिलं नाव केशरबाईचं. द्वारकाबाई ते घेते आणि थांबते. कुणी ‘हाय’ म्हणत नाही, कुणी पुढं येत नाही. एक श्वास आत घेऊन सोडावा इतका वेळ चाळीस बाया जमिनीकडे बघत उभ्या राहतात. मग दुसरं नाव येतं. नव्या बायांना जुन्या बाया कानात सांगतात, चौदा वर्षांपूर्वी केशरबाई आत राहिली होती, आतच मेली. गोदामात आवाज घुमत नाही. पोती आवाज पिऊन टाकतात. त्यामुळं त्या एका श्वासात जी शांतता पडते ती साधी नसते, कुणी तरी पलीकडून कान देऊन ऐकतंय असं वाटतं. नंदाबाई म्हणून एक धीट बाई आहे, साप हातानं उचलणारी. तीही त्या वेळी पदर तोंडावर धरते.

द्वारकाबाई इतक्या आदरानं मैत्रिणीचं नाव घेते म्हणून सगळ्यांना तिचं कौतुक. तिला स्वतःला त्या कौतुकाची शिसारी यायची.

कारण खरं असं होतं. केशर आणि ती एकाच आठवड्यात कामाला लागल्या. केशर बदनापूरच्या बौद्धवाड्यातली, द्वारका पलीकडच्या खेड्यातल्या कुणब्याच्या घरातली. दुपारी दोघींचे डबे एकमेकींपुढं यायचे. केशरला झोप फार प्रिय. पोत्यांच्या मागच्या भिंतीशी एक चिंचोळी जागा होती, थंडगार. तिथं ती पाठ टेकायची आणि द्वारका तिच्यावर लक्ष ठेवायची. त्या वेळी नावं घ्यायला एक बाप्या मुकादम होता. फाटकाशी खुर्ची टाकून तो यादी वाचायचा, मान वर करायचा नाही. त्या दुपारी केशरचं नाव आलं आणि ती दिसेना. द्वारकेला वाटलं, धाकटी पोरगी आजारी आहे, गेली असंल लवकर टेम्पोनं. तिचा अर्धा दिवस कापला जाऊ नये म्हणून द्वारकेनं आवाज बदलला. सगळ्या बाया नुसतं ‘हाय’ म्हणायच्या, केशर म्हणायची ‘हाय की’, शेवटचं अक्षर ओढून, जणू एवढं काय विचारताय. द्वारकेनं तसंच म्हटलं. हुबेहूब जमलं म्हणून शेजारची बाई गालात हसलीसुद्धा.

ती शेजारची बाई पुढं वारली. तेव्हाच्या मालकांनी केशरच्या मरणाच्या कागदावर लिहिलं की बाई सूचना मोडून परत आत गेली. द्वारकेनं त्याखाली दुसऱ्या बायांच्या अंगठ्यांशेजारी सही केली. केशरच्या पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला ती बदनापूरला गेली, पण वंदना चालू असताना तिला मांडवात बसवेना. मागच्या दारी जाऊन ती भांडी घासत राहिली. केशरचा नवरा सर्जेराव तिथं येऊन म्हणाला, वहिनी, तुमी हात नका लावू, तुमी तर आमच्या घरच्या. त्या वाक्यानं ती आतून जळाली, आणि तरी दरवर्षी जात राहिली.

तर त्या आजारी पोरीचं नाव साक्षी. ती आता एकोणीस वर्षांची. यंदाच्या बारा शिकाऊ मुलामुलींत भावना मॅडमनी तिचं नाव वाचलं तेव्हा द्वारकाबाईनं मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, हिला माझ्याकडं नको. मॅडमना वाटलं, आईची आठवण येईल म्हणून बाई सांगतेय. त्यांनी साक्षीला प्रयोगशाळेत टाकलं. तिथं काम असं, की प्रत्येक थप्पीतलं शंभर बी ओल्या कागदावर मांडायचं, गुंडाळी करून ठेवायची आणि चार दिवसांनी किती उगवलं ते मोजायचं.

महिन्याभरानं पोरगी वही घेऊन गोदामात आली. द्वारकाबाईला म्हणाली, मावशी, मागच्या भिंतीपाशी जी थप्पी हाय ना, तिचं बी एक दिवस आधीच उगवून राह्यलं. तीनदा बघितलं, तीनदा तसंच. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगितलं होतं, भिंतीशी ओल असेल. द्वारकाबाईनं जाऊन भिंतीला हात लावला. भिंत ठणठणीत कोरडी होती. तिनं त्या जागेत पोती टाकू नका असं सांगितलं, आणि दुसऱ्या गाडीच्या गडबडीत हमालांनी तिथंच पोती टाकली, मधे माणूस जाईल एवढी फट ठेवून. अशी फट ठेवा, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

साक्षीची जोडीदारीण दीपमाला. ती अंकुशनगरची, साखर कारखान्याच्या वसाहतीतून येणारी. पहाटे चारला उठायची, घरच्यांचा स्वयंपाक करायची, दोन गाड्या बदलून बदनापूर नाही तर जालना गाठायची. तासाला डुलक्या ठरलेल्या. कॉलेजात तिची हजेरी निम्म्या वेळा साक्षीच लावायची. यात तिला काही वावगं वाटायचं नाही, कुणालाच वाटत नाही. कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे मैत्रीची रीत. एक गळा चार जणांना पुरतो, आणि जी आपल्या मैत्रिणीसाठी ‘यस सर’ म्हणत नाही ती कसली मैत्रीण? हे बारा जण कारखान्यात आले तेव्हा बाकी सगळं शिकले. ही रीत मात्र सोबत घेऊन आले, आणि ती दारात काढून ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नाही. द्वारकाबाईनं सांगायला हवं होतं. पण त्या पोरांसमोर गोळ्यांच्या दिवसाबद्दल बोलायची वेळ आली की साक्षीचा चेहरा समोर यायचा, आणि बाई उंदरांवर बोलत राहायची.

गोळ्यांचा तो दिवस माघातला. फाउंडेशनचे पुण्याचे लोक आले होते, कॉलेजचे प्राचार्य, कंपनीचे दोन साहेब. पाहुण्यांना गोदामाची शिस्त दाखवायची ठरलं. साहेबांनी सुचवलं, शिकाऊ पोरं फाउंडेशनच्या जबाबदारीवर आहेत, तेव्हा त्यांची हजेरी मॅडमच घेतील, त्यांच्याकडं यादी आहेच. बायांची द्वारकाबाई घेईल. कागदावर हे अगदी बरोबर दिसत होतं. बाईला ते पटलं नाही, पण इतक्या कोटवाल्यांपुढं ती काय बोलणार?

मच्छिंद्र मास्क काढत बाहेर आला. शटर निम्मं खाली आलं. भावना मॅडमनी मोबाइलवरून भराभर नावं वाचली. पोरं मागं कडुनिंबाखाली घोळक्यानं उभी होती. हजर, हजर, हजर. दीपमाला, हजर. बारा झाले, मॅडमनी अंगठा वर करून दाखवला आणि पाहुणे कौतुकानं हसले.

मग द्वारकाबाई शटरसमोर आली. दुपारचे तीन वाजले होते. वरच्या पत्र्यावर रोज कबुतरं असतात, आज एकही नव्हतं. मिलची धडधड नेमकी त्याच क्षणाला थांबली, पाळी बदलायची वेळ. तिनं नाव घेतलं. केशरबाई सर्जेराव.

आणि आतून आवाज आला. “हाय की.”

शेवटचं अक्षर ओढलेलं. फार मोठा नाही, फार लांबचाही नाही. शटरच्या पलीकडं दहा-बारा पावलांवर कुणी बाई पाठमोरी बसून बोलली असावी तसा.

पहिल्यांदा द्वारकाबाईनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. तिला खरंच वाटलं की ते आपल्याच गळ्यातून आलं, चौदा वर्षांपूर्वी काढलेला आवाज तसाच आत राहून आज बाहेर पडला. पण तिचे ओठ मिटलेले होते. तिनं बायांकडं बघितलं. निम्म्या बाया नेहमीसारख्या जमिनीकडं बघत होत्या. नंदाबाईचे डोळे मात्र शटरखालच्या काळोखावर खिळले होते.

चौदा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते द्वारकाबाईनं केलं. नाव दुसऱ्यांदा घेतलं. या खेपेला आतून काही आलं नाही. पण ती शांतता नेहमीची नव्हती. आधी कुणी कान देऊन ऐकतंय असं वाटायचं. आता कुणी वाट बघतंय असं वाटलं.

साहेब घड्याळाकडं बघून म्हणाले, द्वारकाबाई, आटपा, पाहुण्यांचं जेवण राहिलंय. ती वाकली आणि शटरखालून आत गेली. मागून मच्छिंद्र ओरडला, बाई, गोळ्या ठेवल्यात. तिनं ऐकलं आणि ती चालत राहिली.

आत थप्प्यांच्या मधली वाट ती डोळे मिटून चालली असती, पण त्या दिवशी ती वाट लांब झाली होती. दाराचा उजेड तीन थप्प्यांनंतर संपला. स्वतःच्या पावलांचा आवाज पोती पिऊन टाकत होती, त्यामुळं आपण चालतोय की नाही हेही कळेना. लसणाचा अगदी पुसट वास नाकात शिरला. भीती वाटली, हे तिनं नंतर कुणापाशी लपवलं नाही. मरायची भीती नव्हती ती. फटीत केशर बसलेली दिसेल, वर बघेल आणि विचारेल, इतका उशीर कामून केला, याची भीती होती. तरी पाय त्याच फटीकडं गेले. भिंतीशी पोचल्यावर तिनं हात पुढं केला आणि हाताला उबदार केस लागले.

दीपमाला होती. गुडघे पोटाशी घेऊन, कानात गाण्यांच्या वायरी घालून गाढ झोपलेली. द्वारकाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं नाही, ओढलीच. पोरगी अर्ध्या झोपेत रडायला लागली. बाई तिला फरफटत बाहेर घेऊन आली, उजेडात आणून आडवी केली आणि मग स्वतः कडुनिंबाशी जाऊन ओकली.

डॉक्टर आले, दोघींना तपासलं. वायू अजून नीट झालाच नव्हता, काही झालं नाही म्हणाले. दीपमालाला विचारलं, तू आतून आवाज दिलास का? ती म्हणाली, मी झोपलेली होते, मला तर तुम्ही ओढेपर्यंत काहीच कळलं नाही. तिचा आवाज पातळ, चिमणीसारखा. ‘हाय की’ तिला सांगूनही म्हणता आलं नाही.

पाहुण्यांचं जेवण तसंच राहिलं. प्रशिक्षणाच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. भावना मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी विचारलं, दीपमालाच्या नावाला हजर कोण म्हणालं? प्राचार्य म्हणाले, ज्यानं केलं त्याचं नाव कॉलेजातून काढून टाकू. साहेब म्हणाले, करारच रद्द करावा लागेल. पुण्याच्या लोकांतला एकजण वहीत लिहीत होता. मग साक्षी उभी राहिली.

“मी म्हनले. मला वाटलं, ती अंबडच्या गाडीला गेली. तिची आजी बीमार व्हती. हजेरी कमी पडली असती तिची.”

दारात उभ्या असलेल्या बायांत कुजबुज उठली. हिनं असं करावं? हिच्याच आईचं तसं झालेलं असताना? एकीनं तर कपाळावर हात मारला. पोरीला ते सगळं ऐकू येत होतं. ती उभ्याउभ्या लाकडासारखी ताठ झाली, डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. प्राचार्य कागद पुढं ओढून तिचं पूर्ण नाव लिहायला लागले.

द्वारकाबाईला तो चेहरा ओळखीचा होता. चौदा वर्षं ती आरशात तोच बघत आली होती. हे कागद सहीशिक्का होऊन बाहेर पडले की ही पोरगी जन्मभर तोच चेहरा घेऊन फिरणार, तेही मैत्रीण जिवंत असताना. आणि हिच्या बाजूनं बोलू शकेल असं खोलीत एकच माणूस होतं. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं, ते बाईला माहीत होतं. बोललं की सर्जेरावचं घर गेलं, चाळीस बायांसमोरची मान गेली, आणि ही पोर तर पहिली जाणार. ती भिंतीला धरून उठली.

“सायेब, लिहू नका. केशरचं ‘हाय की’ मी म्हनले व्हते. तिचा आवाज काढून. मला वाटलं, ती टेम्पोनं गेली. ही जशी म्हनली, बराबर तशीच मी म्हनले. हिला काढायचं तर पहिलं मला काढा.”

साक्षीनं तिच्याकडं बघितलं. बघतच राहिली, आणि मग कुणाला न विचारता बाहेर गेली. फाटकातून जाताना तिची ओढणी खांबाला अडकली. तीही तिनं सोडवली नाही, टाकून गेली.

पुढचं सांगायला सोपं आहे. प्राचार्यांनी लिहिणं थांबवलं. कंपनीनं चौदा वर्षांपूर्वीचं प्रकरण उकरायला नकार दिला, तेव्हाचे मालक आता नाहीत असं म्हणून. द्वारकाबाईला पंधरा दिवस घरी बसवलं. भावना मॅडमनी पुण्याशी भांडून करार टिकवला, पण एक कलम त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवलं: गोळ्यांच्या दिवशी यादी एकच, दार एकच, आणि हातात हात दिल्याशिवाय कुणीही हजर नाही. बाकीच्या कारखान्यांनीही ते घेतलं. बायांपैकी काही द्वारकाबाईशी बोलेनाशा झाल्या. नंदाबाई बोलते. ती म्हणते, मीबी ऐकलं, आन् ते ऐकल्यावर तुला मी काय बोलू?

बदनापूरहून काही निरोप आला नाही. द्वारकाबाई दाराकडं कान लावून बसायची. सर्जेराव येईल, शिव्या देईल, मारील तर मारू दे, असं तिला वाटायचं. कुणी आलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला साक्षी आली. एकटीच. उंबऱ्यातच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. द्वारकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. पोरीनं त्याला हात लावला नाही. बापाला सांगितलं का, असं बाईनं विचारलं. सांगितलं, म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेतावर निघून गेले, तीन दिवस बोलले नाहीत. ती आज काय ठरवून आली होती ते तिलाही माहीत नसावं. बराच वेळ ती नखांच्या कडांचा लाल रंग खरवडत राहिली.

मग म्हणाली, “त्या दिवशी आतून जो आवाज आला, तो मीबी ऐकला, मावशी. कडुनिंबापाशी उभी व्हते. मला वाटलं, कुणी बाई हाय आत. माझी आई व्हती आन् मला तिचा आवाज वळखू आला न्हाई.”

द्वारकाबाई पुढं सरकली आणि पोरीच्या पायाशी बसली. साक्षीनं पाय मागं घेतले नाहीत.

“तो आवाज बिलकुल तिचाच व्हता का?”

बाईनं होकाराची मान हलवली. साक्षीचे डोळे आता भरून आले होते, पण आवाज साफ होता. प्रयोगशाळेत बी मोजताना पोरगी जशी एकेक दाणा बाजूला करते तसं तिनं विचारलं.

“मंग चवदा वर्साखाली, शटर लावल्यावर, तिनं आतून आवाज दिल्ता का?”

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मालकांनी नाही, पोलिसांनी नाही, सर्जेरावनं नाही. द्वारकाबाईनं स्वतःलाही कधी विचारू दिला नव्हता. प्रशिक्षणाच्या खोलीत त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं असं सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं. ‘मला माहीत न्हाई’ एवढं म्हटलं असतं तर पोरगी उठून गेली असती, कदाचित पुढं कधी तरी परतही आली असती. द्वारकाबाई तिच्या पायांकडं बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

“दिल्ता,” ती म्हणाली. “मी टेम्पोत चढून राह्यले व्हते. मी पत्र्यावरचं कबुतर समजले.”